विद्यापीठाचे वृक्षोद्यान: हार्वर्डचे अर्नॉल्ड आर्बोरेटम

युरोपातील विद्यापीठांनी वनस्पतिउद्याने उभारली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी. सोळाव्या शतकात औषधी वनस्पतींचे अध्यापन प्राचीन ग्रंथांवरून चाले. ग्रंथात वर्णिलेली मुळी आणि औषधविक्रेत्याच्या दुकानात मिळणारी मुळी एकच आहे की नाही, हे पडताळायचे तर जिवंत झाड समोर असावे लागे. या गरजेतून इटलीत पिसा येथे लुका गिनीने १५४४च्या सुमारास, आणि पादुआ येथे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५४५मध्ये उद्यान स्थापन केले. पादुआच्या बागेतून औषधी झाडांच्या चोऱ्या इतक्या होत की लवकरच तिच्याभोवती गोलाकार भिंत घालावी लागली. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे उद्यान १५९०चे. ते प्रत्यक्षात आखले कार्लुस क्लुसियसने. गार्सिया द ऑर्ताने गोव्यात राहून लिहिलेला आणि तिथेच १५६३मध्ये छापलेला भारतीय औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ १५६७मध्ये संक्षिप्त लॅटिन रूपात युरोपभर पोहोचवला तो याच क्लुसियसने. कोकणपट्टीतल्या झाडपाल्याची माहिती आणि युरोपातील विद्यापीठीय बाग यांची गाठ इतकी जुनी आहे.

वृक्षोद्यान, म्हणजे आर्बोरेटम, ही या परंपरेची पुढची आणि बरीच उशिरा फुटलेली शाखा. वनौषधींचा वाफा एका हंगामात पेरता येतो, शिकवता येतो आणि मोडताही येतो. झाडाचे तसे नाही. ओकचे बी पेरणारा माणूस त्या झाडाची पूर्ण वाढ क्वचितच पाहतो. जागा लागते ती एकरांत आणि काळ लागतो तो पिढ्यांत. त्यामुळे वृक्षोद्यानाचा पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नसून जमिनीच्या हक्काचा असतो. झाड म्हातारे होईपर्यंत ही जमीन कोणाची राहणार? या प्रश्नाला विद्यापीठांनी निरनिराळी उत्तरे दिली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या बाबतीत एकाच संस्थेची दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतात, कारण तिची एक बाग संपली आणि दुसरी टिकली.

संपलेली बाग आधीची. बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावात, महाविद्यालयाच्या मुख्य आवारापासून पायी जाण्याच्या अंतरावर, १८०७मध्ये हार्वर्डने एक छोटे वनस्पतिउद्यान सुरू केले. १८४२मध्ये एसा ग्रे तिथे प्राध्यापक म्हणून आला आणि बागेतल्याच घरात राहू लागला. अमेरिकन वनस्पतिशास्त्र म्हणून जे काही उभे राहिले त्याचे केंद्र पुढची काही दशके ते घर होते. डार्विनने १८५७च्या सप्टेंबरात आपल्या सिद्धांताची रूपरेषा पत्राने कळवली ती ग्रेला. पुढच्या वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसच्या निबंधाबरोबर जो मजकूर वाचला गेला, त्यात या पत्राचाही भाग होता. ग्रेने आपला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आणि ग्रंथालय १८६४मध्ये विद्यापीठाला दिले. बाग मात्र नेहमी पैशाच्या चणचणीत राहिली. नंतरचा तिचा संचालक जॉर्ज गुडेल याने अध्यापनासाठी जर्मनीतील ब्लाश्का पिता-पुत्रांकडून काचेची फुले करवून घ्यायला सुरुवात केली. १८८७ ते १९३६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे ते काम चालले आणि सुमारे ७८० जातींच्या चार हजारांहून अधिक प्रतिकृती तयार झाल्या. त्या आजही हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत, त्या पाहायला गर्दीही होते. बाग मात्र नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या. विद्यापीठाला घरांची गरज होती, जमीन त्याचीच होती, आणि ती बाग म्हणूनच राखण्याची सक्ती करणारा कागद नव्हता.

दुसऱ्या बागेची कथा अशा कागदांपासूनच सुरू होते. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीवर गब्बर झालेले बंदर. तिथला एक व्यापारी जेम्स अर्नॉल्ड १८६८मध्ये वारला. शेती किंवा बागायतीच्या उन्नतीसाठी खर्च करावी म्हणून त्याने एक रक्कम विश्वस्तांच्या हवाली केली होती. ती एक लाख डॉलरांहून थोडी अधिक भरली. विश्वस्तांपैकी जॉर्ज इमर्सन याने मॅसॅच्युसेट्सच्या वृक्षांवर ग्रंथ लिहिलेला होता, त्यामुळे पैसा कुठे जावा याबद्दल त्याचे मत पक्के होते. हार्वर्डकडे बेंजामिन बसी नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याने दिलेली जमीन बॉस्टनच्या दक्षिणेला पडून होती. २९ मार्च १८७२ रोजी विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात करार झाला. त्या परिसरात उघड्यावर वाढू शकतील अशी देशी-परदेशी सर्व झाडे, झुडपे आणि वनस्पती जमवणे हे काम त्यात ठरले. ‘उघड्यावर’ ही अट लहान दिसते, पण उद्यानाचे सारे स्वरूप तिनेच घडवले. काचगृहात जपलेले ताड आणि ऑर्किड तिने बाहेर ठेवले. बॉस्टनचा गोठवणारा हिवाळा सोसतील अशीच झाडे आणायची, म्हणजे संग्रहाची मर्यादा उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यापुरती आपोआप आखली गेली.

१८७३मध्ये संचालक म्हणून चार्ल्स स्प्रेग सार्जंटची नेमणूक झाली. वय बत्तीस, श्रीमंत घराणे, यादवी युद्धातली लष्करी नोकरी आणि वडिलांच्या इस्टेटीवरच्या बागकामाचा अनुभव, ही त्याची शिदोरी. वनस्पतिशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला फारसे नव्हते. हाती आली होती ती झिजलेली शेतजमीन, काही जुने वृक्ष असलेली टेकडी आणि वर्षाला तीन हजार डॉलरही न भरणारे उत्पन्न. एवढ्यात रस्तेसुद्धा होणार नव्हते. सार्जंटच्या दूरदृष्टीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. पण त्याचे सर्वांत मोठे काम वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शोधून सापडणार नाही. ते सापडते बॉस्टन शहर आणि विद्यापीठ यांच्यातील भाडेपट्ट्यात.

बॉस्टन त्या काळी शहराभोवती सार्वजनिक उद्यानांची साखळी आखत होते आणि तिचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड करत होता. सार्जंटने १८७४मध्ये त्याच्यापुढे कल्पना मांडली की वृक्षोद्यान या साखळीत घ्यावे. ओल्मस्टेड आधी साशंक होता. लोकांनी मोकळेपणी हिंडायचे उद्यान आणि शास्त्रीय संग्रह यांचे हेतू इतके वेगळे की ते एकत्र नांदतील याची त्याला खात्री वाटेना. शंका रास्त होती. ती आजही पूर्ण मिटलेली नाही. नगरपालिकेला आणि विद्यापीठाला पटवण्यात काही वर्षे गेली. नगरसेवकांना खर्च नको होता आणि विद्यापीठाला आपल्या जमिनीवर शहराचा हात नको होता. अखेर डिसेंबर १८८२मध्ये करार झाला. जमीन शहराने आपल्या ताब्यात घेतली, तिला लागून आणखी जमीन जोडली आणि ती हार्वर्डला वर्षाला एक डॉलर भाड्याने हजार वर्षांसाठी परत दिली. मुदत संपल्यावर नूतनीकरणाची सोयही ठेवली. रस्ते, कुंपणाच्या भिंती आणि पोलीस शहराकडे, झाडे आणि संशोधन विद्यापीठाकडे अशी कामाची वाटणी ठरली. लोकांना प्रवेश मोफत आणि तो रोज.

या व्यवस्थेची खुबी अशी की दोघांपैकी कोणालाही एकट्याने जमीन विकता येत नाही. शहराला ती बांधकामासाठी काढता येत नाही, कारण पट्टा हार्वर्डकडे आहे. हार्वर्डला तिथे वसतिगृहे बांधता येत नाहीत, कारण मालकी शहराची आहे. केंब्रिजच्या बागेला अशा दुसऱ्या भागीदाराचे कवच नव्हते. तिचे पुढे जे झाले त्यामागे कारणे अनेक असतील, पण हा फरक नजरेआड करता येत नाही. आज अर्नॉल्डचा विस्तार २८१ एकर आहे. भोवती जमैका प्लेन आणि रॉस्लिंडेल या बॉस्टनच्या वस्त्या दाटून वाढल्या, तरी उद्यानाचा तुकडा कुठे पडला नाही.

झाडांची मुख्य लागवड १८८५नंतर सुरू झाली. तिची मांडणी महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच ओळखू येईल, कारण ती बेंथम आणि हुकर यांच्या वर्गीकरणाप्रमाणे केली गेली. हेच वर्गीकरण भारतातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथही त्याच क्रमाने जातो. पुस्तकातला हा क्रम ओल्मस्टेडने वळणदार रस्त्यावर उतरवला. जमैका प्लेनच्या दरवाजातून आत आल्यावर आरंभी मॅग्नोलिया आणि ट्यूलिप वृक्ष, म्हणजे आपल्या सोनचाफ्याचे कुल. पुढे लिंडेन, मग मेपल आणि शेंगा धरणारी झाडे, त्यानंतर ॲश, एल्म, अक्रोडवर्गीय वृक्ष आणि ओक. सर्वांत शेवटी सूचिपर्णी वृक्ष. घोडागाडीतून एक फेरी मारणाऱ्याला उत्तर समशीतोष्ण प्रदेशातील वृक्षांचा ढोबळ अंदाज यावा, हा उद्देश. उताराचे, ओलीचे आणि दृश्याचे गणित वर्गीकरणाशी जुळवायचे म्हणजे तडजोडी आल्याच. एखाद्या कुलाला नेमकी नको ती जमीन वाट्याला आली आणि क्रम सांभाळताना झाडे गेली, असेही घडले. शिवाय वर्गीकरण बदलत राहिले. बेंथम-हुकरने सूचिपर्णींसकट सारी प्रकटबीज झाडे द्विदलिकित आणि एकदलिकित यांच्या मध्ये बसवली होती. ती जागा आज कोणी मान्य करत नाही. पण शंभर वर्षांचा ओक नव्या मताप्रमाणे उचलून पलीकडे लावता येत नाही. त्यामुळे अर्नॉल्डच्या रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातील एक शास्त्रीय मत अजून जमिनीत रोवलेले आहे.

सार्जंट १९२७मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षे, संचालक होता. उत्तर अमेरिकेच्या वृक्षांवरचा त्याचा चौदा खंडांचा ग्रंथ १८९१ ते १९०२ या काळात निघाला. त्याचा काटेकोरपणा कधी कधी हट्टाकडे झुके. हॉथॉर्न या काटेरी झुडपांच्या प्रजातीत त्याने सातशेहून अधिक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्यांतल्या बहुतेक पुढच्या अभ्यासकांनी जाती म्हणून स्वीकारल्या नाहीत. तरी त्याने जमवलेले नमुने आणि लावलेली झुडपे असल्यामुळेच ती फेरतपासणी शक्य झाली. जॅक्सन डॉसन हा रोपवाटिकेचा प्रमुख त्याच्या जोडीला पहिल्यापासून होता. दूरदेशीचे कोणते बी थंडीत ठेवल्यावर उगवेल, कोणत्याला दोन हिवाळे लागतील, कोणते झाड कोणत्या खुंटावर कलम होईल, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते डॉसनच्या हातात होते. उद्यानांच्या इतिहासात संचालकांची चरित्रे लिहिली जातात आणि माळी तळटीपेत जातात. अर्नॉल्डबाबत तरी ते न्याय्य ठरत नाही.

बी येणार कुठून, याचे उत्तर एसा ग्रेने देऊन ठेवले होते. जपानमधून आलेल्या नमुन्यांचा अभ्यास करताना त्याला दिसले की पूर्व अमेरिकेतल्या झाडांची जवळची भावंडे पश्चिम अमेरिकेत किंवा युरोपात नाहीत, ती पूर्व आशियात आहेत. मॅग्नोलिया, ट्यूलिप वृक्ष, विच हेझल, हिकरी अशी यादी लांबत जाते. १८५९च्या निबंधात ग्रेने याचे कारण सुचवले. एकेकाळी उत्तर गोलार्धात सलग पसरलेले जंगल हवामान बदलल्यावर, हिमयुगांच्या रेट्याखाली, तुटले आणि त्याचे तुकडे जगाच्या दोन टोकांना उरले. डार्विनच्या पक्षाला हा मोठा आधार होता. सार्जंटच्या दृष्टीने त्याचा व्यावहारिक अर्थ सरळ होता. बॉस्टनच्या उघड्या हवेत जगणारी झाडे हवी असतील तर चीन, जपान आणि कोरियाचे डोंगर धुंडाळावेत. १८९२मध्ये तो स्वतः जपानला गेला. चीनसाठी त्याने निवडला अर्नेस्ट हेन्री विल्सन हा इंग्रज, जो एका इंग्रज रोपविक्रेत्या पेढीसाठी तिथे आधीच दोन वेळा जाऊन आला होता.

अर्नॉल्डसाठी विल्सनची पहिली चिनी मोहीम १९०७ ते १९०९ची, दुसरी १९१०ची. सार्जंटच्या आग्रहाने त्याने सोबत काचपट्ट्यांवर चित्र घेणारा मोठा कॅमेरा नेला, त्यामुळे झाडांबरोबर झाडांचे मूळ ठिकाणही नोंदले गेले. १९१०च्या सप्टेंबरात सिचुआनमधील मिन नदीच्या खोऱ्यात दरड कोसळून त्याचा पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या काठ्या पायाला बांधल्या गेल्या. तेवढ्यात समोरून खेचरांचा तांडा आला. वाट इतकी अरुंद की विल्सनला आडवे झोपवून सगळी खेचरे त्याच्या अंगावरून ओलांडून नेण्यावाचून मार्ग नव्हता, आणि एकाचाही खूर त्याला लागला नाही. तो जन्मभर लंगडत चालला. ज्या रीगल लिलीच्या कंदांसाठी ही वाट धरली होती ते कंद अमेरिकेला पोहोचले. १९०७च्या मोहिमेतून आलेला कागदी सालीचा मेपल आज अमेरिकेतील बागांत सर्वत्र दिसतो. तिथल्या जुन्या झाडांपैकी बरीचशी विल्सनने पाठवलेल्या मोजक्या रोपांची वंशज आहेत. आजच्या दृष्टीने ती नावाजण्याजोगी गोष्टही आहे आणि उणीवही, हे पुढे स्पष्ट होईल.

वृक्षोद्यान आणि सुंदर बाग यांतला खरा फरक मात्र दिसतो तो झाडाच्या खोडाला लटकवलेल्या छोट्या पत्र्यावर. आत आलेल्या प्रत्येक बियाण्याला, रोपाला किंवा कलमाला एक दाखल क्रमांक मिळतो. अनुक्रमांक, मग दाखल झाल्याचे वर्ष, आणि एकाच खेपेतून अनेक झाडे झाली तर प्रत्येकासाठी निराळे अक्षर. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे मूळ स्थान, गोळा करणाऱ्याचे नाव आणि उंची-उताराचा तपशील असतो, आणि बी रानातून आले की दुसऱ्या बागेतून की मूळ अज्ञात आहे, याची खूण असते. नकाशावर त्याची जागा असते. वर्षानुवर्षे त्याची पाहणी होते आणि झाड मेले तर मरणाचे कारणही लिहिले जाते. थोडक्यात हा त्या झाडाचा सातबारा. तो हरवला तर झाड जिवंत राहते, सावली देते, फुलते, पण अभ्यासाला त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. शोभेच्या बागेत ‘मॅग्नोलिया’ एवढी पाटी पुरते. इथे ‘कोणत्या डोंगरावरचा मॅग्नोलिया’ हे कळणे आवश्यक.

मूळ स्थानाला इतके महत्त्व का, याचा धडा लेबनॉनच्या देवदाराने दिला. हिमालयातील देवदाराचा हा सख्खा भाऊबंद बॉस्टनच्या थंडीत टिकत नाही असाच अनुभव होता. सार्जंटने विचार केला की तीच जाती तुर्कस्तानातील तॉरस पर्वतात, अधिक कडाक्याच्या थंडीत वाढते. तिथून १९०२मध्ये बी मागवले. ती रोपे जगली आणि वाढली. नाव एकच, पानांची ठेवण एकच, पण पर्वत बदलला आणि निकाल बदलला. जाती ओळखणे म्हणजे झाड ओळखणे नव्हे, हे नोंदवहीने दाखवून दिले. शेतीत वाणाचे जे महत्त्व तेच जंगली झाडांत उगमस्थानाचे आहे, हे आज वनीकरण करणाऱ्या कोणालाही पटते, पण त्या काळी ते सिद्ध करावे लागत होते.

अर्नॉल्डच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले बी आले १९४८च्या जानेवारीत. १९४१मध्ये जपानी संशोधक शिगेरू मिकी याने जीवाश्मांवरून मेटासिक्वोया या नष्ट मानलेल्या प्रजातीचे वर्णन केले होते. त्याच दशकात चीनमध्ये, हुबेई आणि सिचुआनच्या सीमेजवळच्या एका खेड्यात, वनाधिकाऱ्यांना एक अनोळखी पानझडी सूचिपर्णी वृक्ष आढळला. त्याचे नमुने फिरत फिरत बेजिंगच्या हू श्यानसू यांच्यापर्यंत गेले. हे झाड मिकीच्या जीवाश्माचेच जिवंत रूप आहे, हे त्यांनी ओळखले. हू यांची डॉक्टरेट हार्वर्डची, अर्नॉल्डमध्ये राहून केलेली. त्यामुळे बी गोळा करण्यासाठी पैसे लागताच पत्र गेले ते अर्नॉल्डच्या एल्मर मेरिलना. मेरिलनी २५० डॉलर पाठवले. यादवी युद्ध आणि चलनवाढ यांनी ग्रासलेल्या चीनमध्ये तेवढ्या रकमेत मोहीम झाली आणि बी बॉस्टनला पोहोचले. मेरिलनी ते स्वतःजवळ साठवले नाही. जगभरच्या शेकडो उद्यानांना आणि संशोधकांना पुड्या धाडल्या. आज रानात धोक्यात असलेले हे झाड शहरांच्या रस्त्यांवर सहज भेटते. चीनमध्ये थोड्याच काळात सत्तांतर झाले आणि अमेरिकन संस्थांना ती वाट कित्येक वर्षे बंद झाली. हे ध्यानात घेतले की मेरिलच्या घाईचे मोल कळते.

जिवंत संग्रहाच्या जोडीला वाळवलेला संग्रह आणि ग्रंथालय हवे, हे तत्त्व पादुआ-पिसाच्या काळापासूनचे. अर्नॉल्डमध्ये या दोन्हींची जागा होती १८९२च्या हनेवेल इमारतीत. आल्फ्रेड रेडर याने उद्यानवृक्षांचा आपला प्रमाणग्रंथ तिथेच सिद्ध केला, तो १९२७चा. पुढे विद्यापीठाला वाटले की वनस्पतिशास्त्राची सारी साधने केंब्रिजमध्ये एकत्र असावीत. १९५०च्या दशकात ग्रंथालयाचा आणि वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा भाग तिकडे हलवला गेला. उद्यानाच्या पाठीराख्यांनी हरकत घेतली. अर्नॉल्डच्या पैशाचा विश्वस्तनिधी उद्यानासाठीच आहे, तेव्हा संग्रह हलवणे हा त्या विश्वासाचा भंग ठरतो, असा त्यांचा मुद्दा होता. वाद न्यायालयात गेला आणि मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६मध्ये विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. लागवडीतील झाडांचे नमुने उद्यानातच राहिले, एवढाच मधला मार्ग निघाला. कायद्याने विद्यापीठ जिंकले. पण झाड एका गावात आणि त्याचा नमुना दुसऱ्या गावात, ही गैरसोय निकालाने जात नाही.

उद्यानात राहिलेल्या याच नमुन्यांनी पुढे एक अनपेक्षित काम केले. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्यानातली २२९ जिवंत झाडे घेतली आणि त्याच झाडांवरून १८८५ ते २००२ या काळात तोडून वाळवलेल्या, तारीख लिहिलेल्या फुलोऱ्यांशी त्यांची तुलना केली. २००४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की १९०० ते १९२० या काळाच्या मानाने १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलली. हे नमुने जमवणाऱ्यांना हवामानबदलाची कल्पनाही नव्हती. तारीख लिहायची शिस्त होती, म्हणून पुरावा तयार झाला.

संग्रहाच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहायला हवे. देशोदेशींची झाडे हलवताना कीड, बुरशी आणि तण हेही हलतात. पूर्व अमेरिकेतील चेस्टनटची जंगले आशियाई झाडांबरोबर आलेल्या बुरशीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपवली. आशियाई सेलास्ट्रस वेल आणि अमूर कॉर्क वृक्ष बागांतून निसटून रानात घुसले. आपल्याकडे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आलेली घाणेरी आज सह्याद्रीच्या उतारांवर काय करते आहे, हे निराळे सांगायला नको. अर्नॉल्डमध्येच हेमलॉक हिल नावाची टेकडी आहे. उद्यान होण्याआधीपासून तिथे हेमलॉक या सूचिपर्णीचे दाट रान होते. जपानी वंशाचा लोकरी मावा १९९७मध्ये तिथे आढळला आणि त्यानंतर त्या रानाची बरीच झाडे काढावी लागली. उपाय शोधतानाही संग्रहच कामाला आला, कारण विल्सनच्या काळापासून येत गेलेला चिनी हेमलॉक या किडीला दाद देत नाही असे उद्यानातच दिसून आले. चेस्टनटला एवढे नशीब लाभले नाही. वादळांचा हिशोब वेगळा. १९३८च्या सप्टेंबरातील चक्रीवादळाने शेकडो जुनी झाडे एका दुपारी आडवी केली.

लोकांच्या दृष्टीने अर्नॉल्ड म्हणजे मे महिन्यातला लायलॅकचा रविवार. या दिवशी सुगंधी लायलॅकच्या झुडपांभोवती हजारो लोक जमतात, आणि वर्षातून याच दिवशी उद्यानात डबे उघडून बसायला परवानगी असते. अमेरिकन राजदूत लार्झ अँडरसन याने १९१३मध्ये जपानहून आणलेल्या बुटक्या वृक्षांचा संग्रहही इथे आहे. त्यातल्या काही झाडांचे वळण अठराव्या शतकापासून राखलेले आहे. बाकी दिवस धावणारे, कुत्री फिरवणारे, बाबागाड्या ढकलणारे. ओल्मस्टेडची शंका अशा वेळी आठवते, कारण फांद्यांवर चढणारी मुले आणि पायवाटा सोडून जाणारे लोक संग्रहाला त्रासदायक असतात. पण भिंत घालून लोकांना बाहेर ठेवले असते तर शहराने रस्ते आणि पोलीस दिलेच नसते.

आज उद्यानात सुमारे १६,००० झाडे-झुडपे नोंदलेली आहेत. शेजारच्या वेल्ड हिलवर २०११पासून संशोधनाची स्वतंत्र इमारत चालते. तिथे जनुकशास्त्र, वृक्षांचे शरीरक्रियाशास्त्र आणि फुलांच्या उत्क्रांतीवर काम होते. संग्रह वाढवण्याची रीत मात्र बदलली आहे. विल्सनच्या काळी परवानगी कोणाची, असा प्रश्न क्वचितच निघे. १९९२च्या जैवविविधता करारानंतर वनस्पतींवर त्या त्या देशाचा हक्क मानला जातो. म्हणून मोहिमा चिनी संस्थांच्या भागीदारीत निघतात, आणि १९९१पासून उत्तर अमेरिकेतील अनेक उद्याने त्यासाठी एकत्र काम करतात. अलगीकरणाचे नियमही कडक आहेत. माती चिकटलेले मूळ येऊ शकत नाही. धुतलेले, तपासलेले बी येते.

उद्दिष्टेही बदलली. २०१५मध्ये उद्यानाने दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात जवळजवळ ४०० वनस्पतींची यादी करण्यात आली: संग्रहात नसलेल्या, रानात धोक्यात असलेल्या, किंवा जुन्या पण एकाच उगमाच्या. कागदी सालीचा मेपल या शेवटच्या गटातला. विल्सनने पाठवलेल्या मोजक्या रोपांवर अमेरिकेतली लागवड उभी राहिल्यामुळे तिच्यातले जनुकीय वैविध्य फार थोडे आहे. चीनमध्ये ही जाती विखुरलेल्या छोट्या समूहांत उरली आहे, आणि तिचे बी बहुधा पोकळ निघते. म्हणून २०१५मध्ये अर्नॉल्ड आणि इतर उद्यानांचे अभ्यासक चिनी सहकाऱ्यांबरोबर निरनिराळ्या प्रांतांत फिरले आणि प्रत्येक समूहातील झाडांच्या पानांचे नमुने डीएनए तपासणीसाठी घेतले. कोणता समूह इतरांहून किती वेगळा आहे, लागवडीत कोणते वैविध्य अजिबात आलेले नाही, आणि पुढची रोपे कोणत्या डोंगरावरून यावीत, हे ठरवणे हा त्या तपासणीचा हेतू होता.